बाबांच्या डायलिसिसच्या नळीवर बुरशी निघाली. नळी काढावीच लागते का?

पूर्णाकाठचा | १४ मे, रात्री ९.५०

मंडळी, मी दर्यापूर तालुक्यातला. आमचं गाव खारपाणपट्ट्यात येतं. बाबा ६३ वर्षांचे, शुगर जुनी, आणि डिसेंबरपासून डायलिसिस. आठवड्यातून दोनदा अमरावतीला नेतो, पहाटे साडेचारला घरून निघतो. मानेतून आत गेलेली आणि छातीवर बाहेर काढलेली नळी आहे, परमकॅथ म्हणतात ती. हाताचा फिस्टुला (छोटं ऑपरेशन करून हाताची शीर डायलिसिससाठी तयार करतात तो) पुढच्या महिन्यात करू, पुढच्या महिन्यात करू म्हणता म्हणता राहून गेला. कधी कापूस विकायचा होता, कधी बहिणीकडचं लग्न.

तीन आठवड्यांपूर्वी हे सुरू झालं. मशीन लावलं की अर्ध्या-पाऊण तासात बाबांना हुडहुडी भरते. बाहेर ४४ डिग्री आणि आत दोन ब्लँकेटांखाली माणसाचे दात वाजतात. घरी येईपर्यंत ताप उतरलेला असतो. अँटिबायोटिकची इंजेक्शनं दहा दिवस झाली. दोन वेळा बरं गेलं, मग पुन्हा तेच. शेवटी रक्ताचं कल्चर (रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात ती तपासणी) पाठवलं, काल रिपोर्ट आला: कँडिडा पॅराप्सिलोसिस. डॉक्टर म्हणाले ही बुरशी आहे, नळीवर बसली आहे, नळी काढू, तोवर जांघेतून तात्पुरती घालू. शिवाय डोळे तपासायचे आणि हृदयाचा इको करायचा.

आम्ही अजून सही केलेली नाही. नळी चांगली चालते. जागा लाल नाही, पू नाही. मग चालती नळी का काढायची? औषधानं बुरशी मरत नाही का? आणि डोळ्यांचा इथे काय संबंध? आई म्हणते, किती वेळा टोचाल त्या माणसाला. ज्यांनी हे पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. उद्या ११ पर्यंत कळवायचं आहे.

मूळगाव_पुसद | रात्री १०.०२

काळजी घ्या दादा. २०२१ मध्ये नागपुरात पसरली होती ती काळी बुरशी हीच का?

सिस्टर_माई | रात्री १०.१५

नाही. ती म्युकर. ती नाकातून, सायनसमधून डोळ्याकडे आणि मेंदूकडे सरकायची. कँडिडा वेगळी. लहान बाळाच्या जिभेवर पांढरा थर येतो ना, त्याच कुळातली. आपल्या कातडीवर, तोंडात, आतड्यात ती असतेच आणि तिथे बहुधा गुपचूप राहते. रक्तात शिरली की मात्र जीवावर बेतते. मी डायलिसिस युनिटमध्ये अकरा वर्षं काढली आहेत. दादा, हा निर्णय दोन-चार दिवस पुढे ढकलू नका.

पऱ्हाटीवाला | रात्री १०.२१

भाऊ, सही कराच्या आंधी दुसऱ्या डॉक्टरले दाखव. माह्या मामाले असंच झालं व्हतं. नळी काढली, नवी टाकली, पुन्हा ताप. वर्षात तीन नळ्या झाल्या न् दरवेळी बिल वेगळं. चालती मोटार कोनी विहिरीतून वर काढते का?

शेगावकर_वहिनी | रात्री १०.३४

मलाही वाटतं थोडं थांबून विचारावं. माझ्या सासूबाईंच्या परमकॅथला इन्फेक्शन झालं होतं. डॉक्टरांनी नळी काढली नाही. प्रत्येक डायलिसिसनंतर नळीतच अँटिबायोटिक भरून ठेवायचे, लॉक म्हणतात त्याला. दोन-अडीच आठवड्यांत ताप गेला आणि तीच नळी पुढे वर्षभर चालली. म्हणजे वाचवता येते.

बाभूळबन | रात्री ११.१०

मी वर्धा जिल्ह्यात फिजिशियन आहे. तुमच्या वडिलांना तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांचा शब्द माझ्यापेक्षा मोठा. पण तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आज रात्रीच मिळायला हवीत, म्हणून बसून लिहिते आहे.

वहिनी, तुमचा अनुभव खरा आहे. सासूबाईंच्या रिपोर्टमध्ये कोणता जंतू होता ते पाहता येईल का? काही जंतू सौम्य असतात, त्यांच्यावर लॉक आणि शिरेतलं औषध मिळून नळी वाचवण्याचा प्रयत्न करतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्युडोमोनास आणि कँडिडा निघाली तर तो प्रयत्न करत नाहीत, कारण अनुभव वाईट आहे. नळी ठेवली की रक्तात बुरशी जास्त दिवस राहते आणि मृत्यूचं प्रमाण वाढतं.

आता औषधानं का मरत नाही. रक्तात सुट्या फिरणाऱ्या बुरशीच्या पेशी औषधानं मरतात. पण ही जात प्लास्टिकला चिकटते. एकीवर एक पेशी बसते, त्यातून धागे निघतात आणि मग ती स्वतःभोवती चिकट आवरण तयार करते. याला बायोफिल्म म्हणतात. त्या थरातली बुरशी मारायला फ्लुकोनाझोलसारखं औषध सुट्या पेशींपेक्षा शेकडो पट, कधी हजार पट लागतं असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. एवढा डोस कोणत्याच माणसाला देता येत नाही. नवी औषधं, म्हणजे कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन, थरावर त्यापेक्षा बरी चालतात. पण नळी जागेवर ठेवून फक्त त्यांच्या भरवशावर राहावं इतकी नाही.

जागा बाहेरून लाल नाही याचं कारण थर आतल्या बाजूला आहे. आणि हुडहुडी मशीनवरच का भरते? मशीन चालू झालं की त्या नळीतून मिनिटाला २५०-३०० मिली रक्त धावतं. थराचे कण सुटतात आणि थेट हृदयाकडे जातात. घरी नळी बंद असते, म्हणून घरी बरं वाटतं. तुम्ही लिहिलेलं वर्णन वाचून मला रिपोर्टच्या आधीच नळीचा संशय आला होता.

डोळ्यांचं: तेच कण रक्ताबरोबर डोळ्याच्या पडद्यावर जाऊन बसू शकतात, सुरुवातीला काहीच जाणवत नाही. म्हणून थेंब टाकून, बाहुली मोठी करून पडदा बघायचा, पहिल्या आठवड्यातच. इको झडपांसाठी. डोळ्यात किंवा झडपेवर काही निघालं तर औषध आणि मुदत दोन्ही बदलतात. हे जास्तीचे टेस्ट नाहीत.

पऱ्हाटीवाला, तुमच्या मामांचं वाचून वाईट वाटलं. दुसरं मत घ्यायला माझी अजिबात हरकत नाही, पण ते उद्या दुपारच्या आत घ्या. आणि एक विचारते, मामांची पहिली नळी काढल्यावर कल्चर स्वच्छ येईपर्यंत थांबले होते, की त्याच दिवशी जुन्या नळीत तार घालून त्याच तारेवरून नवी सरकवली होती?

संत्रेवाला_वरूड | रात्री ११.४०

पऱ्हाटीवाला भाऊ, मोटार नका म्हणू, ठिबक म्हणा. माझ्याकडे नऊ एकर संत्रा आहे. दरवर्षी लॅटरलच्या, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या ठिबकच्या नळीच्या, आत बुळबुळीत थर धरतो. बाहेरून नळी काळीभोर, चकचकीत. शेवटची टोपी काढून पाणी सोडलं की शेंबडासारखे लोळ बाहेर येतात. क्षारासाठी ॲसिड सोडतो, या बुळबुळीसाठी क्लोरीन. पहिल्या वर्षी निघतं. पण एकदा थर जुना झाला की क्लोरीन वरवरचं धुवून जातं आणि पंधरा दिवसांत ड्रीपर पुन्हा बंद. मागच्या साली एक लॅटरल ब्लेडनं उभी चिरून पाहिली. नखानं खरवडलं तरी आत पातळ पडदा राहतोच. त्या ओळी काढून फेकल्या. डॉक्टर मॅडम जे सांगतात ते मला त्या चिरलेल्या नळीत दिसलं. आणि माणसाच्या नळीत क्लोरीन सोडता येत नाही.

तुमचा निर्णय तुमचा, पण मी असतो तर सही केली असती.

लॅबकोपरा | रात्री ११.५८

मॅडमनी सगळं सांगितलं, मी फक्त लॅबच्या बाजूचं लिहितो. कल्चर पाठवताना एक बाटली नळीतून आणि एक हाताच्या शिरेतून घेतली होती का? मशीनमध्ये दोन्ही बाटल्या एकदम ठेवतात. नळीची बाटली हाताच्या बाटलीपेक्षा दोन तास किंवा जास्त आधी पॉझिटिव्ह झाली, तर घर नळीतच आहे असं धरतात. रिपोर्टवर वेळ लिहिलेली असते, बघून घ्या.

पॅराप्सिलोसिस ही जात हातांवरून पसरते. नळीच्या तोंडाशी, जिथे मशीनचं कनेक्शन जोडतात, तिथून आत जाते. कोणाकडे बोट दाखवण्यासाठी हे लिहीत नाही, पण आमच्याकडे ही जात निघाली की आम्ही वॉर्डात हात धुण्याचं आधी विचारतो.

पूर्णाकाठचा | १५ मे, सकाळी ६.२०

रात्रभर सगळं वाचलं. आईला वाचून दाखवलं. ठिबकचं ऐकल्यावर ती म्हणाली, मग काढा. रिपोर्ट पुन्हा पाहिला, नळीची बाटली चार तास आधी पॉझिटिव्ह आहे. आत्ताच फोन केला, सही करायला निघतो आहे.

एक गोष्ट मनातून जात नाही. बाबांना उन्हात ओला दुपट्टा मानेला गुंडाळायची सवय. नळी असतानाही गुंडाळायचे, छातीवरची पट्टी ओली व्हायची. मी दोनदा बोललो, मग बोलायचं सोडून दिलं. त्यानं झालं का हे?

सिस्टर_माई | सकाळी ६.४५

निघा तुम्ही. आणि हे ओझं घेऊन जाऊ नका. ओली पट्टी वाईटच, घामानं आणि पाण्यानं कातडीवरचे जंतू नळीच्या भोकाशी वाढतात. पण एकट्या दुपट्ट्यानं हे होत नाही. शुगर आहे, पाच महिने नळी आहे, त्यात दहा दिवस भारी अँटिबायोटिक. अँटिबायोटिकनं बाकीचे जंतू मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं.

पुढची नळी टाकली की एवढं सांभाळा. पट्टी ओली झाली किंवा कडेनं सुटली तर त्याच दिवशी बदलून घ्या, पुढच्या पाळीची वाट बघू नका. डोक्यावरून आंघोळ बंद, अंग पुसून काढायचं. नळी जोडताना आणि सोडताना बाबांच्या तोंडाला मास्क, टेक्निशियनच्याही. त्या नळीतून सलाईन, रक्त काढणं, दुसरं इंजेक्शन कोणालाही करू देऊ नका, गावच्या दवाखान्यात तर नाहीच. आणि डावा हात राखा. त्यावर सुई नाही, बीपी नाही. फिस्टुला त्याच हाताचा होणार आहे.

शेगावकर_वहिनी | सकाळी ९.०५

बाभूळबन मॅडम, फाईल काढली. सासूबाईंच्या रिपोर्टवर स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस लिहिलंय. म्हणजे तुम्ही म्हणता तो सौम्य प्रकार असणार. माझ्या प्रतिसादानं दादा थांबले असते तर मला फार वाईट वाटलं असतं.

बाभूळबन | सकाळी ९.३०

हो, तोच. तुम्ही फाईल काढून पाहिलीत हे फार चांगलं केलंत. घरोघरी 'इन्फेक्शन झालं होतं' एवढंच लक्षात राहतं, जंतूचं नाव कोणी लिहून ठेवत नाही.

तूरडाळ | सकाळी ११.१५

थोडं वेगळं विचारतो. आजोबांना प्रोस्टेटमुळे लघवीची नळी आहे. लघवीच्या कल्चरमध्ये तीनदा कँडिडा आली, तीनदा फ्लुकोनाझोलचा कोर्स दिला. पुन्हा आलीच. ताप नाही, त्रास नाही. हा धागा वाचून घाबरलो.

बाभूळबन | दुपारी १.४०

हे घाबरण्यासारखं नाही. लघवीच्या नळीवर कँडिडा बसणं सर्रास आढळतं आणि त्रास नसेल तर बहुतेकांना औषध लागत नाही. नळी काढता आली तर काढायची, नाहीतर बदलायची, त्यानंच बऱ्याच वेळा लघवी स्वच्छ होते. अंगातल्या पांढऱ्या पेशी फार कमी असतील किंवा लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन ठरलं असेल तर गोष्ट वेगळी. लघवीतली कँडिडा आणि रक्तातली कँडिडा एका मापानं मोजायची नाही.

अकोल्याची_लेक | रात्री ८.३०

आमच्या घरी हे गुडघ्यात झालं. आईचा सांधा २०२२ मध्ये बदलला. वर्षभर छान चालली, शेतात हुरड्याला गेली. मग गुडघा हळूहळू सुजायला लागला. ताप नाही, लाली नाही, फक्त ठणका आणि जडपणा. दोनदा सुईनं पाणी काढून कल्चर केलं, दोन्ही वेळा काही उगवलं नाही. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी लॅबला सांगितलं की बुरशीसाठी बाटली काही आठवडे ठेवा, आणि मग कँडिडा आली. डॉक्टर म्हणाले की सांधा बदललेल्यांत इन्फेक्शन मुळात थोड्यांना होतं, आणि त्यातही बुरशी शंभरात एखाद्यालाच. ती एखादी माझी आई निघाली.

त्यांनी सगळा सांधा काढला. जागा भरायला सिमेंटचा ठोकळा बसवला, औषध मिसळलेला. पाच महिने आई वॉकरवर, एक पाय जमिनीला जेमतेम टेकवत, आणि रोज फ्लुकोनाझोल. त्यानंतर नवीन सांधा. ठोकळा असतानाची एक रात्र आठवते. लाईट गेली होती, ती अंधारात उठून बसली आणि म्हणाली, हा पाय माझा वाटतच नाही गं. आता ती दळणाचा डबा घेऊन गिरणीत जाते.

पूर्णाकाठचा दादा, एकदा ते काढलं की माणूस सावरतो. सही केलीत ते बरं केलंत.

सिरोंचाकर | १६ मे, सकाळी ७.१०

आमच्याकडून गडचिरोली जवळपास दोनशे किलोमीटर. म्हणून माझ्या पत्नीनं पोटाचं डायलिसिस घेतलं होतं, घरीच चार पिशव्या रोज. दीड वर्ष उत्तम. मग छातीत कफ झाला म्हणून अँटिबायोटिकचे लागोपाठ दोन कोर्स झाले. त्यानंतर एके सकाळी पिशवीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं आलं. पोटात कळा. बुरशी निघाली आणि त्याच दिवशी पोटातली नळी काढली. पोटाच्या बाबतीत तर थांबतच नाहीत, कारण आतलं अस्तर खराब झालं की ते डायलिसिस कायमचं गेलं.

आमचं गेलंच. आता चंद्रपूरला खोली करून राहतो. ज्यांचं कोणाचं पोटाचं डायलिसिस चालू आहे त्यांनी अँटिबायोटिक घ्यायची वेळ आली तर आपल्या किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्या दिवसांत बुरशी होऊ नये म्हणून सोबत वेगळं औषध देतात. आम्हाला हे नंतर कळलं.

संत्रेवाला_वरूड | दुपारी १२.२०

सिरोंचाकर, वाचून गलबलून आलं. चंद्रपुरात काही लागलं तर व्यक्तिगत निरोप पाठवा, माझे साडू तिथेच असतात.

लॅबकोपरा, एक शंका. फ्लुकोनाझोल म्हणता, आम्ही बागेत आणि सोयाबीनवर हेक्झाकोनाझोल, टेब्युकोनाझोल मारतो. हे एकाच घरचे का?

लॅबकोपरा | दुपारी २.०५

हो, एकाच कुळाचे. दोघंही बुरशीच्या पेशीचं आवरण बनवणारी एकच पायरी अडवतात. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीत हे दिसलंय की शेतातल्या फवारणीमुळे मातीतच औषधाला न जुमानणाऱ्या जाती तयार झाल्या. आधी नेदरलँडमध्ये सापडल्या, मग आपल्याकडेही. कँडिडाचं जास्त करून दवाखान्यातच घडतं, एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे. २००९ मध्ये जपानमध्ये एका बाईच्या कानात सापडलेली कँडिडा ऑरिस आता आपल्याकडच्या आयसीयूंची मोठी डोकेदुखी आहे. बऱ्याच औषधांना दाद देत नाही, आणि फरशी पुसायची काही नेहमीची औषधंही तिच्यावर चालत नाहीत, क्लोरीनचं लागतं.

म्हणून उपचार लगेच सुरू करतात, पण कोणतं औषध त्या बुरशीवर चालतं ही यादी येईपर्यंत डॉक्टर फ्लुकोनाझोलवर आणायला थांबतात. दादा, ती यादी आली का?

मूळगाव_पुसद | दुपारी ३.३०

गजकर्णासाठी मेडिकलवाला दर आठवड्याला फ्लुकोनाझोलची गोळी आणि एक ट्यूब देतो. आता विचार करावा लागेल.

बाभूळबन | दुपारी ४.००

ट्यूबवर क्लोबेटासोल लिहिलं असेल तर आजच बंद करा आणि कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. त्यातलं स्टेरॉइड खाज थांबवतं आणि गजकर्ण आत पसरवतं.

पूर्णाकाठचा | १८ मे, रात्री १०.१५

नळी १५ तारखेलाच निघाली. जांघेतल्या तात्पुरत्या नळीवर दोन डायलिसिस झाली. काल बाबा चार तास मशीनवर होते आणि ब्लँकेट मागितलं नाही. मी घड्याळ बघत बसलो होतो, पाऊण तास उलटला तेव्हा बाहेर जाऊन चहा घेतला.

डोळ्यांचा पडदा स्वच्छ आहे. इकोत झडपांवर काही नाही. औषधांची यादी आली, फ्लुकोनाझोल चालतं. मायकाफंजिन चार दिवस दिलं की मग फ्लुकोनाझोलवर आणतील, डायलिसिसच्या दिवशी ते संपल्यावर द्यायचं, नाहीतर मशीन धुवून नेतं. खर्चाचं सांगतो, इतरांना उपयोग होईल: आमचं केशरी कार्ड आहे, महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, भेटून कोणती औषधं योजनेत आहेत आणि कोणती बाहेरची, ते लिहून घेतलं. मायकाफंजिन बाहेरून आणावं लागलं.

संत्रेवाला_वरूड | रात्री १०.४०

चहा घेतला ना, बस. आता झोपा.

औषधाच्या खर्चावरून आठवलं. २०२१ च्या मे महिन्यात माझ्या चुलतभावासाठी काळ्या बुरशीवरच्या ॲम्फोटेरिसिन इंजेक्शनच्या कुप्या शोधत आम्ही नागपूरभर फिरलो होतो. त्याच महिन्याच्या शेवटी वर्ध्यातच ते इंजेक्शन बनायला लागलं तेव्हा घरातले सगळे रडले होते. बुरशीचं औषध वेळेवर हाती येणं काय असतं ते आम्हाला माहीत आहे.

पूर्णाकाठचा | २९ जून, रात्री ९.०५

उशिरा लिहितो आहे, पेरणीत अडकलो होतो. २० मे रोजी पहिलं कल्चर स्वच्छ आलं, तिथून १४ दिवस मोजले. आधी घेतलेले दिवस धरले नाहीत. नवी परमकॅथ उजवीकडे टाकली आहे, पण ती थोड्या दिवसांची. ४ जूनला डाव्या मनगटाचा फिस्टुला झाला. या वेळी कापूस, लग्न काही मध्ये येऊ दिलं नाही. सहा-आठ आठवड्यांत शीर जाड झाली की हातानंच डायलिसिस. त्यात आत प्लास्टिक राहतच नाही, बुरशीला चिकटायला जागा नाही.

दुपट्टा आता डोक्यालाच बांधतात, मानेवर येऊ देत नाहीत. दिवसभर रबराचा चेंडू दाबत ओसरीवर बसलेले असतात. रात्री मनगट कानाशी नेऊन आतली घरघर ऐकतात, मग आईच्या कानाशी नेतात आणि म्हणतात, ऐक, मोटार चालू आहे.

पऱ्हाटीवाला | ३० जून, सकाळी ७.४०

भाऊ, बाबाचं वाचून लय बरं वाटलं. डॉक्टर बाईनं तवा इचारलं व्हतं थे म्या मामाले इचारलं. दरवेळी त्याच दिवशी, त्याच जाग्यावर नवी नळी टाकली व्हती. कल्चर एकदाबी केलं नाई. काल पुन्हा थंडी वाजून आली त्याईले मशीनवर. तुमच्या डॉक्टरले दाखवाचं म्हनतो. तुमी कोनत्या दिवशी असता अमरावतीले?

पूर्णाकाठचा | सकाळी ७.५२

सोमवारी आणि गुरुवारी. पण तोवर थांबू नका, आज थंडी वाजली तर आजच न्या. नंबर तुम्हाला निरोपात पाठवला आहे, मी डॉक्टरांना फोन करून ठेवतो. जुने सगळे कागद घ्या, आणि मामांचा डावा हात कोणाला टोचू देऊ नका.